डाव्या पायातला वाळा

नवरा सुट्टीवर आला तेव्हा मुलगी दहा महिन्यांची होती. तो सैन्यात आहे. जन्मानंतर त्याने तिला अकरा दिवस पाहिले होते. बारशाच्या दिवशी तो परतीच्या गाडीत होता. पुढचे सगळे फोनवर झाले.

फोनवरची ओळख सासूबाईंनी करून दिली होती. कुंडल गावातल्या घरात फडताळावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला असे. संध्याकाळी त्याचा चेहरा दिसला की सासूबाई नातीला विचारत, "पप्पा कुठं हायत?" मुलगी काचेवर तळवा ठेवी. पुढे पुढे फोन बंद असला तरी ठेवू लागली. कुणी घरी आले की हा प्रयोग हमखास होई आणि कौतुकही होई. यात आपण काय शिकवतो आहोत, हे घरात कुणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

तो आला त्या दुपारी सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मुलगी त्याच्या हातात दिली. तिने किंकाळी फोडली.

"आगं, तुझा पप्पा हाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "पप्पा कुठं हायत? दाव बघू."

मुलीने रडता रडता मान वळवली आणि फडताळाकडे हात केला. सगळे हसले. तोही हसला. मग अंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

सुट्टी अठ्ठावीस दिवसांची होती. पहिल्या एकोणीस दिवसांत प्रगती एवढीच झाली, की ती त्याच्या हातून बिस्कीट घेऊ लागली, तेही हात पूर्ण लांबवून. मांडीवर बसत नव्हती. शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला: आईच्या वासाचे लुगडे पांघरून घ्या, पोर फसते. त्याने टी-शर्टवरून माझ्या सुती साडीचा पदर घेतला. मुलीने साडी पाहिली, समाधानाने हात पुढे केले, मग वरचा चेहरा पाहिला आणि पुन्हा तेच.

"मिशीवाली आई कुनाला पायजे," सासूबाई म्हणाल्या.

गुहागरची कल्पना त्याची. त्याचा हिशेब सरळ होता. घरात दिवसभर माणसांची ये-जा असते, तिला दहा मांड्या मिळतात. समुद्रावर तीनच असतील. त्यातली एक मांडी त्याची. दोन मुक्काम ठरले. सासरे उसासाठी मागे थांबले. आमच्या फडाच्या तोडणीची पाळी अजून आठवड्याने लागेल असा अंदाज होता. सासूबाई बाळाला तेल लावायला म्हणून आल्या. घरच्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅनही त्यांनी घेतले.

"आई, तिथं पाणी मिळतंय की," तो म्हणाला.

"पानी बाधतंय लहान पोराला. तुमाला काय ठावं हाय?"

त्याने कॅन मागच्या सीटवर उभे केले आणि त्यांना पट्टा लावला. गाडी पाहुण्यांची होती, चालवायला तोच. कराड, पाटण, कोयनानगर. कुंभार्ली घाटात सासूबाईंनी लिंबू नाकाशी धरून डोळे मिटले, ते चिपळूण आल्यावर उघडले. मुलगी झोपली होती. दुपारी दोनला आम्ही गुहागरला पोहोचलो. उतरलो ते घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होते; मध्ये फक्त सुरूची झाडे.

त्या संध्याकाळी मुलीने समुद्र पाहिला आणि माझ्या मानेत तोंड लपवले. सासूबाईंनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला. त्या म्हणाल्या, "येवढं पानी आन् प्यायला थेंब न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने एक युक्ती केली. तो सुरूच्या झाडांपाशी गेला आणि तिथून माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. चेहरा दिसताच मुलगी हसली, काचेवर थापा मारू लागली. तो बोलत बोलत चालत आला. फोनमध्ये तेच शब्द, वाळूवर तेच शब्द, थोडे मागेपुढे. तो आमच्यासमोर बसला तेव्हा मी फोन हळूच खाली घेतला. मुलीने त्याला पाहिले. फोनकडे पाहिले. फोन उलटा करून त्याच्या मागची बाजू पाहिली. मग ओठ काढला.

"दोन पप्पा झालं तिला," सासूबाई म्हणाल्या.

साडेनऊला सासऱ्यांचा फोन आला. तोड आली होती, म्हणजे कारखान्याची ऊस तोडणारी टोळी आमच्या फडावर यायची होती, आठवडाभर आधी.

"उद्या सकाळी सातला कोयता लागतोय. ट्रॅक्टर आत घ्यायला बांध फोडाय लागंल. माझ्या गुडघ्यानं हुतंय व्हय एकट्याच्यानं?"

"आबा, एक दिस थांबत्यात का बघा की."

"टोळी आपल्यासाठी थांबती व्हय रं? एकदा म्होरं गेली की म्हयनाभर न्हाई फिरकायची."

त्याने फोन ठेवला. दुपारी तीनला निघायचे ठरले. हातात साडेपाच तास होते. त्याने चटई झटकली, पुन्हा अंथरली.

पोरीचे पाय तरी समुद्राला लावून आणू, असे सासूबाई म्हणाल्या. भरती अजून यायची होती. आम्ही ओल्या वाळूपर्यंत गेलो. मुलीच्या पायांत चांदीचे वाळे होते. बारशाला सासूबाईंनी स्वतःचे पैंजण मोडून करून घेतलेले. ओल्या वाळूवर ती चांगली रांगली. हाताचे ठसे मागे वळून पाहत होती. अर्ध्या तासाने मी तिला उचलले तेव्हा डाव्या पायातला वाळा नव्हता.

"आगं बया," म्हणून सासूबाई होत्या तिथेच बसल्या.

नवऱ्याने शोधाची पद्धत ठरवली. टाचेने वाळूत समांतर रेघा ओढल्या, तिचा रांगण्याचा सगळा भाग पट्ट्यांत वाटला आणि पहिल्या पट्टीच्या टोकाला गुडघ्यांवर आला. मग कोपरांवर. तळव्यांनी वाळू चाचपत, इंच इंच पुढे.

"धुंडतुयास का रांगतुयास रं?" सासूबाई म्हणाल्या. "कंबार मोडंल."

"आई, मला पगार ह्याचाच मिळतोय."

मुलगी माझ्या मांडीवरून पाहत होती. तोपर्यंत तो तिला नेहमी वरून दिसला होता: उंच, वाकलेला, हात पुढे केलेला. आता त्याचे तोंड तिच्या तोंडाइतक्याच उंचीवर होते आणि तो तिच्याकडे पाहतही नव्हता. दुसऱ्या पट्टीच्या मध्यावर ती मांडीवरून घसरली आणि त्याच्या मागे निघाली.

मी हाक मारणार होते. सासूबाईंनी माझे मनगट धरले.

पट्टीच्या टोकाला तो वळण्यासाठी थांबला. मुलीने त्याची टाच पकडली. त्याने मान फिरवली नाही.

"कोन हाय?" त्याने वाळूलाच विचारले.

तो पुढे निघाला, तीही निघाली. तिसरी पट्टी, चौथी पट्टी. तो थांबला की ती थांबे. एकदा तिने त्याला मागे टाकले आणि वळून पाहिले, येतो की नाही. पाचव्या पट्टीत तो उठून बसला. त्याच्या कोपरांवर आणि मिशीवर वाळू होती.

"घेऊ का हिला?" त्याने मला विचारले. आवाज अगदी लहान होता.

"नको," मी म्हटले. "तिलाच येऊ द्या."

तिने त्याच्या गुडघ्याला धरून स्वतःला उभे केले आणि मांडीत बसली. मिशीवरची वाळू बोटाने काढू लागली. तिचे ते काम संपेपर्यंत तो हलला नाही.

वाळा सापडला नाही. बाराच्या सुमारास पाणी पहिल्या रेघेपर्यंत आले, मग सगळ्या रेघा गेल्या. "समुद्राला दिला म्हन," एवढेच सासूबाई म्हणाल्या. पहिला कॅन निम्मा झाला होता, दुसरा तसाच भरलेला होता. त्याचे बूच त्यांनी उघडले आणि अंगणात बाप-लेकीला एकत्र बसवून घरच्या पाण्याने अंघोळ घातली. तीनला आम्ही निघालो. गाडी त्यालाच चालवायची होती, त्यामुळे परतीच्या पाच तासांत ती त्याच्याजवळ बसू शकली नाही. मागच्या सीटवरून ती त्याचा कान धरायचा प्रयत्न करत राहिली.

सुट्टीचे सात दिवस उरले होते. चार ऊसतोडीत गेले. अंगावर उसाचे पाचट आणि घाम घेऊन तो दिवस मावळायला घरी येई, पाय धुई आणि पुढच्या सोप्यात चार पायांवर होई. ती ओरडत मागे लागे. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी तो कराड स्टेशनकडे निघाला तेव्हा ती झोपलेली होती. त्याने उठवू दिले नाही.

फोन पुन्हा फडताळावर साखरेच्या डब्याला टेकवलेला आहे. तो गेल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी कॉल आला आणि सासूबाईंनी सवयीने विचारले, "पप्पा कुठं हायत?" मुलीने फोनकडे पाहिले नाही. ती जमिनीवर उतरली, रांगत उंबऱ्यापर्यंत गेली आणि अंगणात पाहू लागली.

"अगं, मी हितं हाय," फोन म्हणाला.

तिने आवाजाकडे एकदा मान वळवली आणि परत दाराकडे केली. त्याला पडद्यावर रिकामी भिंत दिसत असावी.

"कुठं गेली?"

"दारात," मी म्हटले.

त्याने खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला, पाणी दिले का, असे विचारले. पप्पा कुठं हायत, हा प्रश्न सासूबाईंनी त्या दिवसापासून बंद केला. उजव्या पायातला वाळा काढून त्यांनी कपाटात ठेवला आहे. एकच पाय वाजलेला त्यांना ऐकवत नाही म्हणाल्या.

पुढची सुट्टी पावसाळ्यात मिळेल, मिळाली तर. मुलगी आता वर्षाची झाली आहे. दर दोन-तीन दिवसांनी तो विचारतो, "रांगती ना अजून?"

"रांगते," मी सांगते. ते खरे आहे.

सोमवारी सकाळी ती फडताळापासून उंबऱ्यापर्यंत चालत गेली, चार पावले. सासूबाईंनी पाहिले, मी पाहिले. त्याला अजून कुणी सांगितलेले नाही.