पक्की टीप मारलेला पडदा

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. या सदरात पांढऱ्या साडीतल्या बायकांचे अनुभव येतात, तेव्हा त्या साडीला फॉल लावला होता का, एवढंच माझ्या मनात येतं. मी शिंपी. हुबळीत जवळी सालच्या, म्हणजे कापडबाजाराच्या, मागच्या गल्लीत आमचं पडदे शिवायचं दुकान आहे, वडील मिरजेकडून इकडे आले तेव्हापासूनचं. देवाला मानतो, सकाळी तसबिरीला उदबत्ती लावतो. पण अंगात येणं, कौल, ताईत... लांबूनच नमस्कार. जे मापात बसत नाही ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. बायको म्हणाली, "लिहून टाका की. वाचणाऱ्यात कुणाला तरी ठाऊक असंल." म्हणून लिहितोय.

मला एकच मुलगी, मेघा. तिनं डॅनियलशी लग्न केलं. तो तारिहाळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, घरी कन्नड बोलणारा, ख्रिश्चन. मुलगा वाईट नव्हता. ते मला तेव्हाही दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला असावा. लग्नाच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. समोर गिऱ्हाईक बसलेलं. मी मशीनवरून मान वर न करता म्हणालो, "तू मला मेलीस. परत या दारात पाय ठेवायचा नाही." ती आल्या पावली परत गेली. मी हातातली टीप पूर्ण केली. टीप सरळ आली होती, एवढं मला अजून आठवतं.

त्यानंतर पाच वर्षं. ती राहायची केशवापुरात, म्हणजे आमच्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. सुमन, माझी बायको, चोरून तिला भेटायची. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे सुमनला माहीत होतं. घरात विषय निघायचा नाही. फक्त संध्याकाळी दुकान बंद करून मी घरात शिरायचो तेव्हा चुकल्यासारखं व्हायचं. लहानपणापासून मेघा आतूनच ओरडायची, "अप्पा, आलासा?" मी समोर दिसत असलो तरी विचारायची.

मग एक दिवस पद्मा टीचर दुकानात आल्या. धारवाडला मळमड्डीत राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. केशवापुरातल्या त्यांच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला नाटक बसवायच्या. मेघा त्याच चर्चला जाते हे मला ठाऊक होतं. तरी ऑर्डर घेतली. सुमननं टोमणा मारलाच, "ही माणसं गिऱ्हाईक म्हणून चालतात व्हय?" खरं सांगायचं तर पडदा लावायला गेलो की ती लांबून दिसेल, असं वाटलं होतं.

पडदा मोठा होता. जांभळं जाड कापड, अठरा फूट उंच, दोन पन्हे, म्हणजे कापडाचे दोन उभे पट्टे, मधोमध जोडलेले. आणि नाटकात तो सगळ्यांसमोर फाटायला हवा होता, तोही वरून खाली.

"वरून कशाला?" मी विचारलं. "कापड खालून फाटतं, टीचर. वर चार पदरी पट्टी असते. ती हातानं फाटत नाही."

"म्हणूनच तर वरून," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की येशूच्या काळी तिकडच्या मंदिरात असा पडदा असायचा. पलीकडे देव. इतका पवित्र, इतका थोर की माणसानं आत जायचं म्हणजे मरणच. वर्षातून एकदा एकटा महायाजक, म्हणजे मुख्य पुजारी, आत जाणार, बाकीचे सगळे बाहेर. येशूनं प्राण सोडला त्या घटकेला तो पडदा वरून खाली फाटला. "खालून फाटला असता तर माणसानं फाडला असं म्हटलं असतं की लोकांनी. वर कुणाचा हात पोचतो?"

मी म्हटलं, "आमच्यात बरं आहे. देवळात गेलं की पायावर डोकं ठेवता येतं. तुमचा देव भलताच लांब राहतो."

त्या हसल्या. "लांबच होता हो. माणसाला जाता येईना, म्हणून तोच आला."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझं डोकं शिलाईत होतं. सिमेंटच्या पोत्याचं तोंड एक दोरा ओढला की सर्रकन उघडतं ना, तसली साखळी शिलाई मारायची मी ठरवली. धान्यबाजारातल्या ओळखीच्या माणसाकडून पोती शिवायचं मशीन आणायचं. वरची पट्टी दोन्ही पन्ह्यांना वेगवेगळी. मागे शिडीवर एक माणूस, त्याच्या हातात दोऱ्याचं टोक. झालं काम.

गुड फ्रायडेच्या आदल्या बुधवारी दुपारी दुकानात फोन आला. हॉस्पिटलमधली एक मुलगी कन्नडमध्ये विचारत होती, मेघाचे वडील तुम्हीच का? नंबर सुमननं दिला असेल असं वाटलं. मेघाला दोन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. बाळ ठीक होतं. मेघाला ताप चढला होता, इन्फेक्शन रक्तात गेलं होतं, आयसीयूत हलवलं होतं.

मी गेलो. डॅनियल बाहेर बसला होता. मला बघून उठला, गळ्यातला पास काढून माझ्या हातात दिला. वॉचमननं काचेचं दार उघडलं. आत हिरवा पडदा होता, त्याच्या पलीकडे तिचा बेड. मशीनचा आवाज येत होता. पडद्याला हात लावला आणि तिथंच थांबलो. 'तू मला मेलीस' असं मीच म्हणालो होतो ना... आता काय तोंड घेऊन जायचं? तो तीस रुपये मीटरवाला पडदा मला बाजूला सारता आला नाही. मी मागे फिरलो. डॅनियलला पास परत दिला आणि खोटं बोललो, "झोपलीय." तो म्हणाला, "बरं, अप्पा."

गुरुवारी सकाळी काय करायचं कळेना, म्हणून मशीनवर बसलो. पडदा संपवला, चर्चचा माणूस येऊन घेऊन गेला.

शुक्रवारी दुपारी आयसीयूबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की औषधं लागू पडत नाहीयेत, जवळच्यांनी भेटून घ्यावं. तीन वाजता एकेकाला आत सोडणार होते. सुमन म्हणाली, "आज तुम्ही पहिले जावा." आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोती शिवायचं मशीन मी आणलंच नव्हतं. चाळीस वर्षांच्या सवयीनं माझ्या हातांनी साध्या मशीनवर पक्की टीप मारली होती. एक नाही, दोन. आणि वरून दोन्ही पन्ह्यांवर मिळून एकच चार पदरी पट्टी. तो पडदा हत्ती लावला तरी फाटला नसता.

पद्मा टीचरांना फोन लावला, बंद. मी उठलो.

"कुठं चाललासा?" सुमननं विचारलं.

"पडदा चुकलाय. जाऊन उसवतो."

"पडद्याचं काय घेऊन बसलासा? पोरगी आत हाय तुमची!"

तिचं खरं होतं. शिलाई हे निमित्त होतं. मी पळालो. पोटची पोर शेवटच्या घटका मोजत असताना मी छोटी कात्री खिशात घालून रिक्षात बसलो, आणि वाटेत मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

चर्च खच्चून भरलं होतं. मी मागच्या दारातून शिरलो, पण पुढे जायला वाट नव्हती. नाटक शेवटाला आलं होतं. माझा पडदा समोर टांगलेला, जड, जांभळा, घडी न घडी सरळ. येशूचं काम करणारा पोरगा क्रुसावर मान टाकून होता. आता काही होणार नाही, हे त्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं.

भिंतीला टेकून मी त्या पडद्याकडे बघत राहिलो, आणि आतून सगळं भडभडून आलं. मला त्यांची प्रार्थना येत नाही. काय म्हणून हाक मारायची तेही ठाऊक नव्हतं. मी मनात एवढंच म्हणालो — पलीकडे जो कोण असशील, तुझी माझी ओळख नाही. मला तुझ्याकडे यायचं नाही. मला माझ्या पोरीकडे जायचंय. मीच टीप मारून ठेवलीय, आता मला ती उसवता येईना. तुझा हात पोचत असला तर बघ.

कापड फाटल्याचा आवाज झाला. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज, त्यात चूक नाही. पडदा वरच्या पट्टीपासून फाटत खाली आला, सावकाश, कुणी घाई नसलेल्या माणसानं फाडावा तसा. लोक रडायला लागले. त्यांना वाटलं, शिंप्यानं काय सुंदर काम केलंय.

मी पुढे घुसलो. मागे शिडीवर जोसेफ नावाचा माणूस होता. मला बघून तो चिडूनच म्हणाला, "दोरा कुठं ठेवलाय हो? मी शोधतोय शोधतोय... खाली उतरून टीचरना सांगणार होतो." त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

मी पडदा हातात घेतला. माझ्या दोन टिपा जशाच्या तशा होत्या, एक टाका सुटला नव्हता. पडदा टिपेवर फाटलाच नव्हता. तिच्या डावीकडे चार बोटांवर, अखंड कापडातून, वरच्या पट्टीच्या चारही पदरांतून फाटला होता.

पुढे काय बघायचं मला सुचलं नाही. मी बाहेर पळालो, रिक्षा पकडली. आयसीयूच्या दारात सुमन उभी होती. तिनं पास माझ्या गळ्यात घातला. हिरव्या पडद्याशी मी थांबलो की नाही, मला आठवत नाही. नर्सनं विचारलं, "अप्पा नीवेन्री?" अप्पा तुम्हीच का? मी मान हलवली. ती म्हणाली, "मघापासून पडद्याकडेच बघायलीय. दोन दिवसांत मघाच पहिल्यांदा डोळे उघडले."

मेघाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मास्कच्या आतून विचारलं,

"अप्पा, आलासा?"

इतका उशीर का केला, हे तिनं विचारलं नाही. मी म्हटलं, "आलो गं." अजून पुष्कळ बोलायचं होतं. माफी मागायची होती. पण तिनं माझं बोट धरलं होतं आणि मला रडण्याशिवाय काही जमलं नाही.

शनिवारी सकाळी ती गेली.

ज्यांना चमत्कार हवा होता त्यांची निराशा झाली असेल. माझी तर झालीच. मी त्या देवाशी कितीतरी दिवस भांडलो की, पडदा फाडायला हात पोचला, मग तापापर्यंत का पोचला नाही? पद्मा टीचरांनाही विचारलं. त्या माझ्या शेजारी बसून रडल्या.

पडद्याचा एक तुकडा मी टीचरांकडून मागून आणला. तो आत्ता माझ्यासमोर आहे. लोक म्हणतात, कापड विरलेलं असेल, वजनानं फाटलं असेल. ताग्यातलं उरलेलं कापड दुकानात आहे, ओढून बघा. आणि समजा फाटलं वजनानं. फाटलेल्या कापडाच्या दशा सुटतात, कडेचे धागे लोंबतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. या तुकड्याच्या दशा सुटत नाहीत. जिथं फाटलं तिथं किनार आहे, मागावर विणताना दोन्ही कडांना येते तशी, दोरा वळून परत आत गेलेला. पन्ह्याच्या मध्यात किनार नसते. असूच शकत नाही. मी सुईनं उचकटून बघितलं, भिंग लावून बघितलं. एका जुन्या विणकराला दाखवलं, तर तो म्हणाला, "हे फाटलेलं नव्हे, हे असंच विणलंय." विणकाम जाणणारं कुणी हे वाचत असेल तर कळवा. खरंच कळवा.

आणि एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलच्या फाईलमध्ये ॲडमिशनचा फॉर्म होता. कळा सुरू असताना मेघानं स्वतः भरलेला, अक्षर वेडंवाकडं. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, त्या रकान्यात माझं नाव आणि दुकानाचा नंबर होता. नातं — अप्पा. बुधवारचा फोन त्यावरून आला होता.

डॅनियल म्हणाला, "सगळीकडे तेच लिहायची, अप्पा. बँकेत, ऑफिसात. मी एकदा म्हटलं, ते बोलत नाहीत तुझ्याशी, मग कशाला? तर म्हणाली, उचलतील की कधीतरी."

पाच वर्षं मी समजत होतो की दार दोन्ही बाजूंनी बंद आहे. टीप फक्त माझ्याकडून होती. पडदा कसा फाटला, ते मला आजही सांगता येत नाही.