पंगत उठायच्या आत

अगं, जवळ ये, अशी दाराला टेकून काय उभी राहतेस? आणि हातात ताटली धरून उभ्याउभ्या खायचं, हे काय जेवणं झालं? मागच्या खेपेला आलीस तेव्हा अर्धी पोळी तशीच टाकून पळालीस, गाडी चुकेल म्हणालीस. बस खाली. तुला तुझ्या पणजीचं सांगते, म्हणजे माझ्या आईचं. समोर पान भरलेलं असून माणूस कसा उपाशी राहतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी सोलापूरकडची. लग्न होऊन मद्रासला आले ती तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत, तंजावरकडून आलेल्या मराठी घरात. बोलायचे मराठीच, पण त्यात तमिळ शब्द आणि हेलही तिकडचा. ते मी शिकले. जेवणं शिकायला मात्र जास्त वेळ लागला. केळीच्या पानावर मऊ भात, आधी सांबार, मग सार, मग ताक. सगळं हातानं कालवायचं, मोठा गोळा करायचा, तोंडात टाकला की गेलाच पोटात. दातांना काही काम नाही. पाणीसुद्धा भांडं ओठाला न लावता वरून धार सोडून प्यायचं. मचमच चावत बसलेलं माणूस त्यांना गवत खाणाऱ्या गाईसारखं दिसे. आमच्याकडे ज्वारीची भाकरी. ती गिळता येत नाही बाई, चावावीच लागते, आणि पुष्कळ चावली की मग गोड लागते. मी तरुण होते, गिळायला शिकले.

आई शिकली नाही. बाबा गेल्यावर तिच्या दिरांनी वाटण्या केल्या, तिला एक खोली दिली, आणि पुढे तीही त्यांना गोठ्यासाठी हवी झाली. मी एकुलती एक. तुझे आजोबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. माझ्या सासूबाईही विधवाच, त्यांनीच सांगितलं होतं, विहीणबाईंना इथं आण म्हणून. तेव्हा कुणाच्या मनात काही वाईट होतं असं नाही, हे आधी लक्षात ठेव.

त्या काळी विधवा बाई दिवसातून एकदाच जेवायची. संध्याकाळी फार तर केळं नाहीतर दूध. आणि पानावरून एकदा उठलं की परत बसायचं नाही. म्हणजे दुपारी पोटात जाईल तेवढंच तिचं.

पंगत बसायची. आई इवलासा घास घ्यायची, ओठ मिटून चावत राहायची. दहीभातसुद्धा चावायची. धाकटे दीर कॉलेजात होते, ते हसून म्हणाले, दहीभातात खडे निघाले वाटतं. सासूबाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. पण त्या घरातली माणसं भराभर जेवत, आणि आईचा सांबारभात निम्मा व्हायच्या आत सगळ्यांचा ताकभात संपलेला असे. एकाचं राहिलं असताना बाकीच्यांनी उठायचं नाही, ही रीत इकडचीही आणि तिकडचीही. मग सगळे उष्टे हात वाळवत बसायचे. आईनं ते पाहिलं की पान दुमडून उठायची. झालं माझं, म्हणायची.

मला वाटलं, तिला भात जात नाही, भाकरी हवी. तुझ्या आजोबांच्या ऑफिसातल्या कुणी सांगितलं, तांबरमला स्टेशनाबाहेर एका दुकानात ज्वारी मिळते, तिला तिकडे चोळम म्हणतात. मी बसनं एग्मोरला गेले, तिथून लोकल धरली, पिशवी भरून आणली, गिरणीतून दळून आणली. भाकरी थापून दोश्याच्या तव्यावर टाकली. तो दाणा वेगळाच, पिठाला विरी नाही, चिकटून राहीना, भाकरी कडेनं फाटली. तरी आईनं वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटले मी. पण भाकरीला भातापेक्षाही जास्त वेळ लागतो ना. तिनं चतकोर खाल्ली असेल नसेल, सगळ्यांचे हात वाळले, आणि ती उठली. उरलेली भाकरी मी मोरीपाशी गाईच्या बादलीत टाकली, आणि तिथंच भिंतीला धरून बसले.

आई वाळत चालली. लुगड्याचा वेढा कमरेला एक जास्तच बसायला लागला. गळ्याची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. खायला घाला! मी तिच्या पायाशी बसून विनवलं, अगं, थोडा वेळ बसलीस जास्त तर काय बिघडतं? ती म्हणाली, "लेकीच्या घरी येऊन राहिले, तेवढं पुरे नाही का? वर आणि पंगत अडवून बसू?" मग हळूच म्हणाली, मला परत पाठव. कुठे पाठवू? गोठ्यात?

मी सासूबाईंना सांगितलं, तुम्ही सगळे थांबता म्हणून ती उठते. त्यांना ते कळेचना. न थांबणं म्हणजे पाहुणीचा अपमान. तरी माझ्यासाठी म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे आधी उठले. आईही त्यांच्याबरोबर उठली, लाजून, घास तोंडात तसाच. तिला वेगळं आधी वाढावं, तर घरातल्यांच्या आधी जेवायला ती तयार नाही. सगळीकडून दारं बंद. त्या दिवसांत मी देवापुढे दिवा लावायचे आणि काय मागायचं तेही सुचायचं नाही.

मग एक दिवस सासूबाईंनी ताकभात संपवला आणि पानाच्या कडेचा खोबऱ्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. त्यांना दात कुठे होते? सगळं बोळकं. तो तुकडा या गालातून त्या गालात, हिरड्या हलताहेत, नजर पानावर. दिरांनी विचारलं, अम्मा, काय चघळतेस? त्या म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर तुम्ही उठा. माझं अजून संपलं नाही."

सगळे उठले. आई अर्धवट उठली होती, तिनं सासूबाईंकडे पाहिलं, आणि परत खाली टेकली. वडीलधारी बाई पानावर असताना तिला एकटी टाकून कसं उठणार? तीच तिची रीत, जिनं तिला इतके दिवस उठवलं होतं. तिनं घास घेतला. चावू लागली. मी पुढे होऊन भात वाढला आणि पदरानं तोंड झाकून आत पळाले.

रोज मग तेच. सासूबाईंच्या हिरड्या सुजल्या, मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्यायचे, आणि दुपारी परत खोबरं. दोघी एक शब्द बोलत नसत. आई सुधारली ती थोडीच. पहिल्यासारखी अंगानं कधी भरली नाही, फार उशीर झाला होता. पण जेवून उठायची, शेवटपर्यंत.

ती गेल्यावर दिवसपाणी आटोपलं, आणि घरात परत नेहमीची पंगत बसली. सगळे उठले. सासूबाई तशाच बसलेल्या, खोबरं तोंडात, शेजारची जागा रिकामी. मी म्हटलं, उठा आता. त्या म्हणाल्या, "थांब गं, तिचं व्हायचंय."

आता माझेच दात गेलेत. कवळी बसत नाही नीट, मी हळू खाते. सून चांगली आहे, कामावर जायचं असतं तिला, माझ्यासाठी थांबते बिचारी, एक डोळा घड्याळाकडे. ते दिसलं की मी पुरे म्हणते आणि उठते. तू परत लवकर ये गं. गाडीचं सांगू नकोस. तुझ्यासाठी खोबरं आणून ठेवते.