देवासाठी चार फुलं

प्रल्हाद आगाशे यांना पुण्यात सहकारनगरात दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्यांची माकडटोपी, जी दसऱ्याला डोक्यावर चढायची ती होळीलाच उतरायची. दुसरी म्हणजे त्यांची फुलांची चोरी. चोरी हा शब्द अर्थात त्यांना मान्य नव्हता. पहाटे फिरायला जाताना कुणाच्या कंपाउंडबाहेर आलेली फांदी आकडीने खाली ओढायची, चार फुलं खुडायची आणि पिशवीत टाकायची, यात चोरी कसली? आतून कोणी खेकसलंच तर "देवासाठी हो" एवढं म्हटलं की भागायचं. खेकसणाराही बहुतेक पुढच्या गल्लीतून पिशवी भरूनच आलेला असायचा.

फुलं लागायची ती त्यांच्या बायकोच्या, सरलाताईंच्या पूजेला. प्रल्हादरावांचा स्वतःचा देवावर फारसा भरवसा नव्हता. पण सरलाताई गेल्या आणि त्यांचे देव मागे राहिले. ते कुणाच्या गळ्यात घालणार? मग ज्या माणसाने जन्मभर नुसती फुलं आणून दिली, तो स्वतः अंघोळ करून ओल्या अंगाने ताम्हनासमोर बसू लागला. कधी कधी गंध लावताना त्यांचा हात थांबायचा आणि डोळे भरून यायचे. ते पुसून पुढचा देव घ्यायचे.

मुलगा यतीन टेक्ससमध्ये फ्रिस्कोला होता, सॉफ्टवेअरमध्ये. एकटं राहू नका म्हणून त्याने धोशा लावला. शेवटी फ्लॅट विकला, देव स्टीलच्या डब्यात घातले आणि दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात प्रल्हादराव अमेरिकेत दाखल झाले. सुनेने, आश्लेषाने, वॉशिंग मशीनच्या खोलीतलं एक कपाट देवांना मोकळं करून दिलं. दुकानातून फुलंही आणून दिली. सेलोफेनमध्ये गुंडाळलेली, फ्रीजमधून काढलेली, कधी तोडलेली त्या देवालाच ठाऊक. प्रल्हादरावांनी ती हुंगली आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून टेबलावरच्या पेल्यात ठेवली. सरलाच्या देवांना शिळं फूल कधी गेलं नव्हतं.

तेव्हा पहाटेचं फिरणं पुन्हा सुरू झालं. हे गाव मात्र त्यांना काही केल्या उमगेना. घरं एक झाकावं आणि दुसरं काढावं अशी, आणि कुणालाच कंपाउंड नाही. नुसती हिरवळ, त्यावर गुलाब आणि जास्वंदीसारखी झाडं, कुणीही यावं आणि खुडावं अशी उघड्यावर. आणि माणूस म्हणून नाही. सकाळी गॅरेजचं दार वर जायचं, गाडी बाहेर पडायची, दार खाली यायचं. संध्याकाळी उलट. माणूस दिसत नाही म्हणजे माणूस बघत नाही, असा प्रल्हादरावांनी सोयीस्कर समज करून घेतला. इथेच ते फसले.

खुणा दिसत होत्या. एखाद्या खिडकीच्या पडद्याची पट्टी किंचित वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. ते समोरून गेले की काही गॅरेजांवरचे दिवे आपोआप लागायचे. म्हाताऱ्याला अंधारात ठेच लागू नये म्हणून कुणीतरी दिवा लावलाय असं वाटून ते त्या दिव्याकडे बघून हात वर करायचे. आतला कुत्रा बराच वेळ भुंकत राहायचा.

ऑक्टोबर लागला तशी हवा गारठली आणि माकडटोपी बाहेर निघाली. कोपऱ्यावरच्या घराची जास्वंद उंच होती, हात पुरेना. प्रल्हादरावांनी कपड्यांच्या कपाटातला जुना लोखंडी दांडा काढला, हँगरची तार वाकवून त्याच्या टोकाला काळ्या चिकटपट्टीने बांधली. आकडी झकास झाली. खांद्यावर टाकून निघाले की त्यांना पुन्हा सहकारनगरात असल्यासारखं वाटायचं. परक्या मुलखात आल्यापासून तेवढाच वेळ ते खरे सुखात असायचे. ते उजाडायच्या आतच जायचे, कारण कळी घरी आणून पूजेच्या वेळी देवासमोर उमलली पाहिजे, असा सरलाताईंचा दंडक होता.

"बाबा, रोज एवढी फ्रेश फुलं कुठून आणता?" आश्लेषाने एकदा विचारलं.

"वाटेवरची," ते म्हणाले. खोटंही नव्हतं. नाल्याकाठच्या रस्त्यावर रानफुलं होती, तिला वाटलं तिथलीच.

एका संध्याकाळी यतीन कॉलनीतल्या रहिवाशांच्या मीटिंगवरून आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच.

"बाबा, उद्यापासून पहाटे बाहेर पडू नका. सिरियसली सांगतोय. एक माणूस फिरतोय आपल्या भागात. पूर्ण तोंड झाकलेला, हातात रायफल. लोकांच्या यार्डमध्ये शिरतो, खिडक्यांखाली वाकून बघतो. तिघा-चौघांनी पाहिलाय."

"पोलीस काय करतात?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"कॉल केलाय. पण ते येईपर्यंत तो गायब होतो. लोक जाम टेन्शनमध्ये आहेत, यार. एक जण तर म्हणाला, पुढच्या वेळी मी पोलिसांची वाट बघणार नाही."

"इट्स सो क्रीपी, आजोबा," दहा वर्षांची रुचा म्हणाली आणि त्यांना चिकटून बसली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना खरंच भीती वाटली. असा माणूस रोज आपल्याच वाटेवर फिरत होता आणि आपल्याला पत्ता नाही, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. तो माणूस कोण, हे त्या टेबलावर कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ते ज्याला दांडा म्हणत होते, त्याला कुणी रायफल म्हणेल असं त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. गणपतीला जास्वंद हवीच. यतीन उठायच्या आत जाऊन येऊ, असा विचार करून ते निघाले. टोपी कानांवरून खाली ओढली, आणि त्या माणसाने गाठलंच तर हाताशी काही असावं म्हणून आकडी खांद्यावर न टाकता दोन्ही हातांनी पुढे धरली.

कोपऱ्यावरच्या घराचा दिवा आज लागला नाही. प्रल्हादरावांनी नेहमीप्रमाणे हिरवळीच्या कडेला बूट काढले, कारण देवाची फुलं पायताण घालून तोडायची नसतात. दांडा गवतावर ठेवला, झाडाला हात जोडले. मग दांडा पुन्हा उचलायला वाकले तोच पडवीच्या अंधारातून आवाज आला.

"तिथेच थांबा. त्याला हात लावू नका."

पायरीवर एक म्हातारा उभा होता. त्यांच्याच वयाचा, घरच्या झग्यात, पायांत लोकरी सपाता. हातात लांब बंदूक होती आणि ती प्रल्हादरावांच्या छातीकडे होती. जन्मभर ऑफिसात वापरलेलं त्यांचं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. पुण्यात ज्याने सगळं भागायचं तेवढंच कसंबसं तोंडून निघालं.

"फुलं. देवासाठी."

"टोपी काढा."

त्यांनी टोपी काढली. विरळ पांढरे केस वाऱ्यावर उडाले. म्हातारा पायऱ्या उतरून आला, सपातीने दांडा उलटवला, तारेची आकडी पाहिली, पिशवीत डोकावला. मग त्याने बंदूक खाली केली.

"काल मी खिडकीतून तुमच्यावर नेम धरला होता," तो हळू म्हणाला. "तुम्ही बूट काढलेत. मला वाटलं, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. बोट चापावर होतं माझं. मग तुम्ही हे खाली ठेवलंत आणि माझ्या झाडाला हात जोडलेत. ते काय होतं मला कळेना, म्हणून थांबलो."

प्रल्हादरावांनी वाकून बूट उचलले.

"घरी जा," म्हातारा म्हणाला. "मी थांबलो. पण या रस्त्यावर मी एकटाच राहत नाही."

दांडा तिथेच राहिला. बूट हातात धरून ते अनवाणी घरी आले. सगळ्या खिडक्यांच्या पट्ट्या त्यांना दिसत होत्या, आणि पाठीचा कणा घरापर्यंत ताठ तो ताठच राहिला. त्या दिवशी गणपतीला नुसत्या अक्षता वाहिल्या. दिवसभर ते वॉशिंग मशीनच्या खोलीत बसून राहिले. आश्लेषाने विचारलं तेव्हा उपासामुळे पित्त झालंय म्हणाले. त्यांना लाज वाटत होती आणि मुलाला कसं सांगावं ते सुचत नव्हतं.

संध्याकाळी यतीन आला. त्याने रुचाला वर पाठवलं आणि जेवणाच्या टेबलावर एक काळी पेटी ठेवली. आत फोममध्ये पिस्तूल होतं.

"उल्हासनेही घेतलंय," तो म्हणाला. उल्हास त्याचा ऑफिसातला मित्र. "बाबा, आता घाबरू नका. मी बेडजवळ ठेवणार आहे. घरात पाऊल जरी टाकलं ना त्याने..."

प्रल्हादरावांनी त्या पेटीकडे पाहिलं. घरातलं पहाटेचं पाऊल कुणाचं असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"यतीन," ते म्हणाले, "तो माणूस मीच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टोपी, दांडा, संकष्टी, म्हाताऱ्याचं बोट. आश्लेषा तोंडावर हात ठेवून खुर्चीत बसली. यतीनने वडिलांचा हात घट्ट धरला, लहानपणी गर्दीत धरायचा तसा.

"उद्या ते परत करून ये," प्रल्हादराव म्हणाले.

यतीनने पेटीकडे पाहिलं. झाकण लावलं, पण पेटी उचलली नाही.

"असू दे, बाबा," तो शेवटी म्हणाला. "आज तुम्ही निघालात, उद्या दुसरं कुणी असू शकतंच ना. सगळ्यांकडे आहे इथे."

आश्लेषाने विरोध केला, रुचाचं नाव घेतलं, रडलीसुद्धा. पेटी बेडरूममध्ये गेली ती गेलीच.

आता सरलाताईंच्या देवांना दुकानातली फुलं असतात. प्रल्हादराव अजूनही अंधारातच उठतात, ती सवय जाण्यातली नाही. अंघोळीला जाताना यतीनच्या बेडरूमवरून जावं लागतं. तिथे पोहोचण्याआधी ते स्वतःच्या खोलीच्या दारात उभे राहतात आणि मोठ्याने म्हणतात, "मी आहे रे, यतीन. मी, बाबा."

आतून हुंकार येईपर्यंत ते उंबरा ओलांडत नाहीत.