बटण दाबून पाहण्याची साधना

आमच्या घरात दुपारच्या झोपेला मान मिळाला तो नवरा निवृत्त झाल्यावर. त्याआधी दुपारी झोपणाऱ्याला आम्ही सरळ आळशी म्हणत होतो. पुढे ती सोय राहिली नाही, कारण आता ते झोपत नव्हते, ‘आत उतरत’ होते. आत उतरलेल्या माणसाला दळण आणायला सांगता येत नाही.

त्यांचं गाव सोनईजवळ, नोकरी भिंगारला. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते, आणि आयुष्यभर त्यांनी बूट, ताडपत्र्या, नटबोल्ट मोजले. निवृत्तीनंतर हार घालून घरी पाठवलं, पण मोजणी काही थांबली नाही, ती स्वप्नात सुरू झाली. तपासणीला साहेब आलेत आणि एक ताडपत्री कमी भरतेय, असं ते स्वप्न. रोज तोच साहेब, तीच ताडपत्री. घामाघूम होऊन उठायचे आणि मग उजाडेपर्यंत डोळे टक्क उघडे. शुगर आधीपासून होती, त्यात या झोपमोडीनं ब्लडप्रेशरही वाढलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. ड्युटीवर झोपणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, झोपेत ड्युटी करणारा माणूस माझ्याच वाट्याला आला.

यावर उपाय सापडला सावेडीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. तिथे एक सर ‘जागृत स्वप्न साधना’ शिकवत. पूर्वी ते घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत, आता मनं शुद्ध करत होते. बोलण्याची ढब तीच राहिली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं ओळखायचं आणि मग त्यात आपल्या मर्जीनं वागायचं. त्यानं भीती जाते, शरीर सुधारतं आणि अध्यात्मात माणूस झपाझप वर चढतो. आणि हे सगळं अंथरुणात पडल्या पडल्या. नवऱ्याला दुसरं काय पाहिजे होतं?

स्वप्न ओळखायचं तर जागेपणी सवय लावायला हवी, म्हणून सरांनी तीन परीक्षा दिल्या होत्या. हाताची बोटं मोजा, स्वप्नात ती कमीजास्त भरतात. नाक दाबून श्वास घ्या, स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास चालतो. आणि दिव्याचं बटण दाबा, स्वप्नात दिवा लागत नाही. दिवसभर या परीक्षा देत राहायच्या, म्हणजे झोपेतही आपोआप दिल्या जातात.

मग काय विचारता. भाजीबाजारात हे बोटं मोजत उभे. भाजीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक हिशेब घालतंय, त्यानं आपणहून भाव कमी केला, तेवढाच त्या साधनेचा मला झालेला फायदा. पुढे एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेलो, तर ऐन वेळी यांनी नाक दाबलं. समोर बसलेल्या त्यांच्या सुनेनं जो चेहरा केला तो मी अजून विसरले नाही. त्या घरातून आम्हाला पुन्हा बोलावणं आलेलं नाही.

बोटांचा उपाय यांना लागू पडेना, कारण जन्मभर मोजदाद केलेला माणूस तो, स्वप्नातही बोटं पाचच्या पाच भरत. नाक कायम चोंदलेलं, त्यामुळे तिथेही काही कळेना. राहिलं बटण. आमच्या पलंगाच्या उशाशी बटण आहे, ते दिवसरात्र खटखट वाजू लागलं.

आणि एके दिवशी सकाळी हे शीळ घालत बाहेर आले. स्वप्नात साहेब आले होते, ताडपत्री कमी भरली होती. यांनी गोदामातलं बटण दाबलं, दिवा लागला नाही. मग साहेबाला सांगितलं, की साहेब, तुमी माझ्या स्वप्नात हाय, आता बसा आन् चहा घ्या. साहेब बसला म्हणे. चहाही प्याला. त्यानंतर ती ताडपत्री आमच्या घरात पुन्हा आली नाही, आणि नवरा रात्रभर झोपू लागला. ब्लडप्रेशरही उतरलं. हे कबूल करायला मला जड जातं, पण खोटं कशाला बोलू?

एवढ्यावर थांबते तर तो माझा नवरा कसला. साहेबाला चहा पाजल्यावर यांचा आत्मविश्वास इतका वाढला, की थेट देवादिकांपर्यंत मजल गेली. पहाटे उठून पूजा करणारा माणूस आता पहाटे मुद्दाम झोपू लागला, कारण तीच वेळ आत उतरायला उत्तम. देवाला फुलं वाहायची ती मी. हे स्वप्नात गाणगापूर करून यायचे, तेही बिनगर्दीचं, आणि वर मला साक्षीभाव समजावायचे. मी केर काढत असायची, तेव्हा पाय वर घेऊन साक्षीभावानं बघत बसायचे.

खाण्याचंही तसंच. आमच्या शेजारच्या भाभींकडून दर ईदला शीरखुर्मा यायचा आणि शुगरमुळे यांना तो चमचाभरच मिळायचा. आता हे सांगू लागले, की मी झोपेत वाटीच्या वाट्या खातो, चव तीच, शुगर जिथल्या तिथं. भाभींनी हसत विचारलं, मग भाईजानना या खेपेला रिकामी वाटी पाठवली तर चालेल का? ते यांना आवडलं नाही.

इथवर मीही चेष्टेवारी नेत होते. मग पायाचं निघालं.

डाव्या तळपायाला अंगठ्याजवळ फोड आला, फुटला आणि जखम राहिली. शुगरवाल्याच्या पायाची जखम म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. मी दवाखान्याचं नाव काढलं, की यांचं उत्तर ठरलेलं, भरत आलीय. सरांनी उपाय दिला होता. स्वप्नात जागं व्हायचं, पायावर सोनेरी प्रकाश सोडायचा, म्हणजे शरीराला संदेश जातो. स्वप्नातला पाय अगदी गुळगुळीत झालाय, असं हे रोज चहाच्या वेळी सांगत. जागेपणीचा पाय बघू द्या म्हटलं तर दार लावून पट्टी बदलत. गोळ्या वेळेवर घेत, एवढी मात्र सरांची मेहेरबानी. गोळी स्थूल देहासाठी, प्रकाश सूक्ष्म देहासाठी, अशी त्यांनी वाटणी करून दिली होती. पाय कुणाच्या वाट्याला आला ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी भांडले, अबोला धरला, शेवटी देवाची शपथ घातली. शपथेवर हे म्हणाले, देवाशी माझं बोलणं झालंय.

त्याच सुमाराला सरांच्या वर्गात नवीन पाठ झाला. मनात एखादं ओझं असेल तर स्वप्नात त्या माणसाला समोर आणायचं आणि सांगून टाकायचं. मन हलकं होतं, मन हलकं झालं की प्रकृती सुधारते. मी विचारलं, जागेपणी सांगितलं तर काय बिघडतं? यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

आमच्या भागात आठवड्यातून एकदा दुरुस्तीच्या नावाखाली दुपारी लाईट जाते. काय दुरुस्त होतं ते कुणालाही ठाऊक नाही. तशीच एका दुपारी गेली. मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा पंखा थांबल्यामुळे हे उकाड्यानं जागे होत होते. पडदे ओढलेले, खोलीत अर्धवट उजेड. डोळे उघडले, मला पाहिलं, आणि सवयीनं हात उशाशी गेला. खट. दिवा नाही. पुन्हा खट. नाही.

चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बस. मला म्हणाले, “ये, बस. बरं झालं आलीस. तुला एक सांगायचं हुतं, पन जागेपनी जीभ उचलत न्हाई.”

मी तोंड उघडलं होतं लाईट गेलीय म्हणायला. ते मिटलं. माझ्या ध्यानात आलं, की या माणसाच्या मते मी इथे नाहीच.

“पायाचं काय खरं न्हाई,” ते म्हणाले. “खालनं काय कळतच न्हाई मला. परवा चपलंत खिळा निघाला, चालत घरी आलो, फरशीवर रगत दिसलं तवा समजलं. डॉक्टर कापा म्हननार. मंग तू जन्मभर माझं करीत बसशील. लई भ्या वाटतं. म्हनून न्हाई सांगत तुला.”

मी चहाचा कप स्टुलावर ठेवला. राग आला, इतका की तो कप भिंतीवर मारावा. आणि भीती वाटली, तीही तेवढीच. मी फक्त म्हटलं, बघू. ज्या पायासाठी मी महिनाभर डोकं फोडलं तो त्यांनी मुकाट्यानं पुढे केला आणि पट्टी सोडली. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. वासही येत होता. रोज उदबत्ती का लावत होते ते तेव्हा कळलं. मी समजत होते, देवासाठी.

पट्टी पुन्हा गुंडाळून झाल्यावर हे मोकळा श्वास सोडून म्हणाले, की आता मी जरा उडतो. आणि खिडकीकडे बघू लागले. खिडकीला गज आहेत, तरी मी खांदा धरून झोपवलं. म्हटलं, उद्या उडा, आज पडा जरा. ऐकलं. कूस वळवून पाच मिनिटांत घोरू लागले. मन हलकं झालं होतं ना. ते ओझं आता माझ्याकडे होतं.

मी शेजारी गेले. भाभींचे मिस्टर रिक्षा चालवतात, जेवायला घरी आले होते, ते हात धुऊन तसेच उठले. हे जागे झाले तोवर रिक्षा दारात आणि लाईट परत आलेली. मी म्हटलं, चला, पायाचं बोट काळं पडलंय. हे बघतच राहिले. तुला कुनी सांगितलं? मी म्हटलं, कळलं. त्या एका शब्दापुढे हा माणूस असा निमूट उठला, की देवाच्या शपथेलाही तसा उठला नव्हता.

बोट गेलं. पाय राहिला. आणखी थोडं अंगावर काढलं असतं तर घोट्यापर्यंत गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि मग बायको म्हणून मी लक्ष का दिलं नाही याबद्दल मला चांगलं झापलं. स्वप्नं बघायला त्यांची ना नव्हती. मात्र पाय उघड्या डोळ्यांनी, उजेडात, रोज बायकोकडून तपासून घ्यायचा. आत उतरण्यासाठी पहाटे गजर लावून झोप मोडतात हे ऐकल्यावर तेही बंद करायला सांगितलं.

आता मी खरं सांगायला हवं होतं. पण दवाखान्यातून आल्यावर हे सगळ्यांना सांगत सुटले, की माझा निरोप स्वप्नातून हिच्यापर्यंत पोचला, मी आत बोललो आन् हिला भाईर कळलं. सरांनी तो अनुभव साधकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. सरांच्या मते हे आमच्या दोघांच्या आत्म्यांचं मीलन होतं. वास्तविक ती तारा ओढणाऱ्या वायरमनची कृपा होती, पण त्याला कोण हात जोडणार? मी गप्प बसले. गप्प बसण्याचं कारण साधनेवरची श्रद्धा नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच नवऱ्याला बोलतं करायची युक्ती सापडली होती, ती मी हातची कशाला घालवू?

आमचा मेन स्विच व्हरांड्यात मीटरखाली आहे. अधूनमधून एखाद्या दुपारी हे जागे व्हायच्या बेतात असले, की मी तो खाली ओढते आणि आत जाऊन उभी राहते. खट. मग कळतं. गेलेल्या बोटाच्या जागी खाज येते, हे असंच कळलं. भाभींच्या घरी जाऊन दोन गुलाबजाम खाल्ले, तेही. संध्याकाळी मी गुलाबजामांवरून फैलावर घेतलं, की हे हबकून विचारत, तुला कुनी सांगितलं? कळलं, मी म्हणे. आमचं फार छान चाललं होतं.

परवाच्या दुपारी मी पुन्हा मेन ओढला. दोन दिवस हे जेवणात नव्हते, विचारलं तर काही नाही म्हणत होते. मी आत गेले. बटण वाजलं, दिवा लागला नाही. हे उशाला टेकून बसले.

मग म्हणाले, “पायाची भीती गेली. आता एकच भ्या हाय. तू माझ्याआधी गेलीस तर मी कुनाला सांगू?”

डोळे भरून आले आणि ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी वळले. दारापर्यंत पोचले असेन.

“जाताना मेन वर कर,” मागून हे म्हणाले. “फ्रिजमधलं दूध नासंल.”

मी दारात तशीच थांबले. किती दुपारी माहीत होतं यांना, कुणास ठाऊक.

“नासू द्या,” मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून पलंगाशी बसले.