कूलरला उठवणारी डबी

मला साडूचा हेवा वाटायचा, हे मी आजवर घरात कबूल केलेलं नाही. बायकोला ते तेव्हापासूनच माहीत आहे, ती गोष्ट वेगळी.

ती आणि तिची बहीण टेलिफोन एक्स्चेंजात एकाच पाळीला, तीनला सुटायच्या. नागपूरचा मे महिना. मेहुणी घरी पोचायची तोवर तिची खोली गार झालेली असे. साडूने गजराच्या घड्याळाची चावी दोरीने कूलरच्या बटणाला बांधली होती. अडीचला गजर झाला, की चावी फिरे, दोरी बटण खाली ओढी आणि कूलर जागा होई. सकाळपासून रिकाम्या घरात वीज जाळायला नको.

"जिजाजींनी घड्याळाले कामाले लावलं," बायको म्हणाली. "तुम्हाले घड्याळ उठवते, तर तुम्ही त्यालेच झोपवता."

लागलं मला. सीताबर्डीवर जाऊन विजेवर चालणारा टायमर आणला. डबीवर गोल तबकडी, कडेला खिट्या. एक खिटी कूलरला अडीचला उठवायची, दुसरी सहाला झोपवायची. कुठे त्याची दोरी, कुठे माझी मशीन! रविवारी चौघं एका लग्नाला गेलो होतो, तिथूनच साडू-मेहुणीला घरी ओढून आणलं. "चला, खोली बर्फ झाली असेल."

दार उघडलं तर भट्टी. वाजले होते साडेतीन. साडू वाकून तबकडी पाहू लागला.

"साडभाऊ, इथं तं आता साडेबारा वाजून राहिले!"

सकाळी तीन तास विजेची लाइन गेली होती, तेवढा वेळ तबकडीही झोपली होती. त्याचं घड्याळ चावीवर चालायचं, लाइनशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याने बोटाने तबकडी पुढे सरकवली, कूलर घरघरला. पन्ह्याचा पहिला पेला बायकोने त्यालाच दिला.

"वापस करून द्या ते," ती मला म्हणाली.

वापस? मग साडू जिंकला असता. लाइन तर रोज सकाळी जायची. म्हणून मी रोज जेवणाच्या सुट्टीत डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकलने घरी यायचो, मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम तबकडी लावायचो आणि उपाशीच ऑफिसात परतायचो. कुणाला कळू दिलं नाही.

जूनच्या तोंडावर बायको बहिणीला सांगताना ऐकलं, "आमची डबी आता मस्त चालते वं. यांले हातबी लावा लागत नाही."

महिनाभर याच कौतुकासाठी उन्हात भाजलो होतो. ते मिळालं, पण डबीला. तेव्हापासून साडूच्या जोडीला तिचाही हेवा वाटू लागला.