एकच निरोप दोनदा

आमच्या ह्यांना निपाणीत गोमटेश म्हणून कुणी वळखत न्हाय. 'रॅपवाला आण्णा' म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. लग्न ठरताना माझ्या आप्पांनी विचारलेलं, पोरगा करतो काय? मध्यस्थ म्हणाला, बोलतो. आप्पा म्हणाले, मग वकील हाय व्हय?

त्याला आता बावीस वर्षं झाली. ह्यांची सुरुवात त्याआधीच, कॉलेजच्या गॅदरिंगात झालती. तालावर भडाभडा बोलायचे; रस्त्यातले खड्डे, तंबाखूच्या वखारी, मराठी-कन्नड दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची टोपी उडवायची. कार्यक्रम रात्री नवाचा असला तरी जेवण दिवस मावळायच्या आत, घरची रीत. रॅपवाला माणूस साडेपाचला दहीभात खाऊन स्टेजवर जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुढं कन्नड मालिकेत हवालदार झाले. एका मराठी पिक्चरात सरपंच झाले, पण पहिल्याच सीनला मेले. मग गावच्या रेडिओ केंद्रावर सकाळचा कार्यक्रम मिळाला आणि माणूस तिथंच रमला. विडी वळणाऱ्या बायकांचे पेन्शनचे कागद, डोळ्यांचं शिबिर, शाळेचे फॉर्म, सगळं तालावर सांगायचे. कार्यक्रम संपला की बायकांचे फॉर्म भरून द्यायलाही हेच.

आणि सगळं दोनदा. आधी मराठी, मग कन्नड. अहो, इथं प्रत्येकाला दोन्ही कळतं. चिकोडीच्या बाजारात भाजीवाली एकाच वाक्यात दोन्ही बोलते. पण मराठी राहिलं तर निपाणीवाले म्हणणार, आण्णा फिरला. कन्नड राहिलं तर चिकोडीवाले रुसणार. रुसू देत की चार दिवस, मी म्हणायची. ऐकतंय कोण? ह्या माणसानं एका घशावर दोन संसार केले.

गेल्या उन्हाळ्यात आवाज बसला. बेळगावात टिळकवाडीच्या डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन केलं आणि बजावलं, महिनाभर एक अक्षर बोलायचं न्हाय, न्हायतर आवाज कायमचा जाईल. ह्यांनी पाटी घेतली. तेवीस दिवस आम्ही पाटीवर भांडलो.

चोविसाव्या दिवशी केंद्रावरच्या सौम्याचा फोन आला. पेन्शनच्या कागदांची तारीख अलीकडं आलती, उद्या शेवटचा दिवस. सौम्यानं दोन्ही भाषांत चारदा वाचलं, पण बायका जाग्यावरनं हलेनात. मागं असल्याच खोट्या निरोपावर त्या दिवसभर कचेरीपुढं उन्हात उभ्या राहिलत्या. तेव्हापासनं त्यांचं एकच, आण्णानं सांगितलं तर जाऊ.

ह्यांनी चप्पल पायात घातली. मी दारात आडवी झाले. लेकीची शपथ घातली. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "दोन मिनिटं."

मीपण मागनं गेले. केंद्रावर काचेपलीकडं बसून ह्यांनी मराठीतनं सांगितलं. घोगरा, पण आवाज होता. तेवढ्यात सौम्याचा फोन वाजायला लागला. निपाणीच्या बायका निघाल्या. चिकोडीकडच्यांनीपण कळवलं, ऐकलं, निघालो. काम झालतं. मी देवाला हात जोडले.

आणि ह्यांनी दुसरा कागद उचलला, कन्नडचा.

मी काचेवर हात आपटला. मान वर झाली न्हाय. दारावर कार्यक्रम चालू असल्याचा लाल दिवा पेटलेला. तो पेटला की आत पाऊल टाकायचं न्हाय, हे ह्यांनीच मला शिकवलेलं. चौथ्या ओळीला आवाज चिरला. सहाव्या ओळीला नुसते ओठ हलत होते. सौम्यानं धावत जाऊन दिवा बंद केला, तेव्हा मी आत गेले.

सात महिने झाले. डॉक्टर म्हणतात, आता येणार न्हाय. पेन्शन सगळ्यांना मिळाली, निपाणीच्यांना आणि चिकोडीच्यांनाही. बायका भेटायला येतात, वहिनी, आण्णा देवमाणूस, म्हणतात. मला लई राग येतो. ह्यांचा न्हाय, त्या बायकांचाही न्हाय. त्या दाराला आतनं कडी नव्हती. नुसतं ढकलायचं होतं, आणि मी दिव्याकडं बघत उभी राहिले.