स्लो मोशनमधला अंतरपाट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

आधी एक सांगतो: मी व्हिडिओवाला चांगलाच होतो. नव्वदनंतर आमच्या इचोड्यात केबल आली आणि गाण्यांचे व्हिडिओ दिसू लागले — निळा उजेड, धूर, तिरपा कॅमेरा, उडणारे पडदे, हळूच मान वळवणारी पोरगी. ते सगळं मी लग्नाच्या कॅसेटीत आणलं. पार नार्नूरपासून लोक मला बोलवायला यायचे. माज होता का? होता, आणि शोभतही होता.

आमच्या गावचे नामदेवकाका वांगी-टमाटे पिकवायचे आणि प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हणायचे. चुलीजवळचा आचारीही झारा थांबवून ऐकायचा. स्वतःच्या लेकीच्या, विमलच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेलं कडवं म्हटलं — तिच्या वारलेल्या आईचं नाव घालून. शेवटी आवाज फुटला. अख्खा मांडव रडला.

आणि मी? मला फक्त अंतरपाट दिसत होता. तो त्या उडत्या पडद्यांसारखा स्लो मोशनमध्ये सरकवायचा होता — पण मग आवाज लांबतो, भसाडा होतो. मी आवाजच काढून टाकला आणि वर एक धून टाकली. दिसत झकास होतं — आजही म्हणेन.

कॅसेट बघून काकांनी विचारलं, कडवं कुठे गेलं? मूळ शूटिंगची कॅसेट माझ्या कपाटात होती. देता आली असती. पण मीच काढलं, हे कसं सांगू — एवढा नावाजलेला मी? म्हणालो, काका, माईकनं तुमचा आवाज धरलाच नाही.

"मायाच आवाज बारीक झाला असन, भाऊ. तुमी काय करसान?"

खोटं उघडं पडू नये म्हणून मी त्या मूळ कॅसेटवर दुसरं लग्न शूट केलं. मुद्दाम.

काकांनी मंगलाष्टकं सोडली. माझ्या लग्नात मी माईक त्यांच्याकडे द्यायला लावला, तर हात जोडून मागे सरले — आता आवाज पोचत नाही म्हणाले. तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? मी बाशिंग सावरत उभा राहिलो.

काका गेले. विमल भेटली की अजून म्हणते, त्या दिवशी बाबांचा घसाच बसला होता.

बसला नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू येत होतं. माझा माईकही चांगला होता.